43 नावं, 9 माणसं आणि मेथीची जुडी

प्रश्न: आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) इंदूरची, सव्वाशेच्या आसपास कुटुंबं. निम्मी घरं मराठी, बाकीची हिंदी. यंदा महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून माझं नाव आलं आणि पंच-कमिटीनं पावसाळ्यानंतरचं सगळंच माझ्याकडे सोपवलं: कापणीची उपकारस्तुती (नव्या पिकासाठी देवाचे आभार मानायची उपासना), तिथे आलेल्या मालाचा लिलाव, मृतांच्या आठवणीतल्या 2 नोव्हेंबरच्या प्रार्थनेआधी दफनभूमीची सफाई, एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलमध्ये पोहेवाटप, जुने कपडे, रक्तदान आणि कॅरोलची तयारी. गेल्या वर्षी उपासनेनंतर मदतीला हात वर करायला सांगितलं, तर 43 नावं आली. कामाला 9 जण. लिलाव दुपारी तीनपर्यंत लांबला, भाजी सडली, 6,500 रुपयांची उधारी अजून यायचीय. एका आजींची मेथीची जुडी 10 रुपयांवर अडली तेव्हा मागच्या बाकांवरून हसू आलं. त्या आजी तेव्हापासून उपासनेला आलेल्या नाहीत. लिलाव बंदच करावा का? आणि माणसं आणायची कुठून?
एक भगिनी, इंदूर

ताई, सलाम.

पाळकसाहेब समोर उभे असताना 'मदत कोण करणार?' असं विचारलं की हात वर जाणारच. त्या हाताला दिवस, वेळ, काम काहीच माहीत नसतं. म्हणून 43 जणांवर रागावू नका. तुम्ही माणसं मागितलीत, यंदा कामं मागा.

त्याआधी कामं कमी करा. दोन महिन्यांत सात कार्यक्रम म्हणजे तेच 9 जण सात वेळा राबणार आणि आठव्यांदा फोन उचलणार नाहीत. उपकारस्तुती (लिलावासकट), दफनभूमी आणि पोहे एवढी तीन ठेवा. कॅरोलची तालीम नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारपासून गायकमंडळी स्वतःच सुरू करतील, त्याला सेक्रेटरी लागत नाही. रक्तदानासाठी ब्लड बँकेला तारीख विचारा आणि बाकीचं त्यांच्यावर सोडा. तुम्ही फक्त एवढं सांगा: वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5, पोटात नाश्ता हवा, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन, स्त्रियांचे चार महिने झालेले हवेत. जुने कपडे मात्र यंदा सोडाच. कुठे द्यायचे हे न ठरवता गोळा केलेले कपडे हॉलच्या कोपऱ्यात फेब्रुवारीपर्यंत पडून राहतात आणि त्यात निम्म्या फाटक्या साड्या निघतात. फारच आग्रह झाला तर फक्त धुतलेले स्वेटर आणि ब्लँकेट, तेही जिथे द्यायचेत तिथून आकडा विचारून.

आता वही. दोनशे पानी साधी वही घ्या आणि एका पानावर एकच काम लिहा. 'उपकारस्तुतीला मदत' असं लिहू नका. 'शनिवार, सकाळी 7 ते 9, हॉलमधली 6 टेबलं व्हरांड्यात काढून भिंतीला लावणे, 4 जण' असं लिहा. खाली चार रेघा, आणि त्याखाली 'बदली' म्हणून आणखी दोन. चार नावं भरली की पान बंद, पाचवा माणूस कितीही उत्साही असला तरी त्याला दुसरं पान दाखवा. वही दाराशी टेबलावर ठेवा, पण तिच्यामागे एक माणूस बसवा, कारण नुसती ठेवलेली वही सगळे चाळतात आणि कुणी लिहीत नाही. कामांची नावं मराठी आणि हिंदी दोन्हींत लिहा. आपली मुलं घरी मराठी बोलतात, पण 'दफनभूमी' वाचून थबकतात. 'कब्रिस्तान की सफाई' लगेच कळतं.

व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे होकार नव्हे, 'वाचलं' एवढाच त्याचा अर्थ. कामाच्या आधी तीन दिवस प्रत्येकाला फोन हवा. हे फोन तुम्ही एकटीनं करू नका. दर सहा जणांमागे एक प्रमुख नेमा आणि त्यानं आपल्या सहांना विचारावं. ज्यांना उभं राहून काम होत नाही अशा निवृत्त मंडळींना हे काम द्या, ती फोनवर 'बघतो' असं उत्तर घेत नाहीत. कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्यांना फक्त रविवारची पानं दाखवा. संडे स्कूलची मुलं घेणार असाल तर आईवडिलांची लेखी परवानगी आणि प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसं, जी एकमेकांच्या घरातली नसतील. एकटा मोठा माणूस आणि मुलं अशी जोडी कुठल्याच कामावर नको, तो कितीही विश्वासातला असो.

उपकारस्तुतीची तारीख पंचांगात बघून ठरवा. हसू नका. दसऱ्यानंतर साधारण विसाव्या दिवशी दिवाळी येते, म्हणजे मध्ये दोन-तीन रविवार मिळतात. त्यातला पहिला किंवा दुसरा धरा. दसऱ्याला महागलेला झेंडू तेव्हा उतरलेला असतो, आणि दिवाळीआधीच्या शेवटच्या रविवारी अख्खं इंदूर घर धुवायला काढतं. दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आला तर दुसरा रविवार बरा, कारण सांवेर-देपालपूरकडच्या आपल्या शेतकरी घरांची सोयाबीनची कापणी तोवर आटोपत आलेली असते. आणखी उशीर केलात तर ती गहू-हरभऱ्याच्या पेरणीला लागतात. कापणीचा सण आणि कापणी करणारेच गैरहजर, असं व्हायला नको.

काय आणायचं ते आधीच्या रविवारी स्पष्ट सांगा. टिकणारा माल शनिवारी संध्याकाळी 4 ते 6 मध्ये: धान्य, डाळी, लाल भोपळा, कोहळा, कांदे, बटाटे, लसूण, नारळ, लोणचं, तूप. पालेभाजी, फुलं, अंडी आणि केक रविवारी सकाळी साडेसातनंतरच. तुमची भाजी सडली ती बहुधा शनिवारी दुपारी आली म्हणून. ऑक्टोबरचं ऊन, बंद हॉल आणि पॉलिथिनची पिशवी एवढं मेथीला पुरतं. पालेभाजी ओल्या गोणपाटावर उभी ठेवा, पिशवीत नको. केळी आणि पपई वेगळ्या टेबलावर ठेवा. पिकणाऱ्या फळातून जो वायू सुटतो त्यानं शेजारची भाजी पिवळी पडते. क्रीमचा केक नको, साधा किंवा रव्याचा चालेल. कोंबडी येणार असेल तर पाय बांधून वेदीसमोर ठेवू नका. बाहेर सावलीत खुराडं आणि पाण्याची वाटी ठेवा, आणि वेदीवर तिच्या नावाची चिठ्ठी.

नवं सोयाबीन पोत्यातून आलं तर तोंड उघडून हात आत घाला. आत गरम किंवा ओलसर लागलं तर ते बंद पोत्यात चार दिवसांत बुरसतं. मंडीत 12 टक्क्यांपर्यंतचा ओलावा धरतात. आपल्याकडे यंत्र नाही, तेव्हा दाणा दाताखाली धरा: टणक तुटला तर ठीक, दबला तर ताडपत्रीवर दोन दिवस ऊन दाखवा.

सजावटीला 5 ऊस, मक्याची आठ-दहा ताटं आणि 6 किलो झेंडू पुरतो. मोठ्या फुलांच्या किलोभर झेंडूत साधारण तीन मीटर माळ होते, त्यावरून कमानीचा हिशेब करा. ओवायला आज्यांना शनिवारी संध्याकाळी बोलवा. ऊस खांबाला तळाशी आणि डोक्याशी असा दोन ठिकाणी बांधा. एकाच गाठीवर उभा केलेला ऊस दुसऱ्या गीताला कलतो. थर्मोकोल आणू नका. सजावटीचा थर्मोकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या-चमचे 1 जुलै 2022 पासून बंद आहेत, आणि नाताळच्या गोठ्यालाही हेच लागू आहे, हे तरुण संघाला आत्ताच सांगून ठेवा.

लिलाव बंद करू नका, आवळा. आलेल्या मालाचे शनिवारीच तीन भाग पाडा. पहिला भाग लिलावाचा, जास्तीत जास्त 25 क्रमांक. एका क्रमांकाला दीड मिनिट धरलं तर चाळीस मिनिटांत संपतं. सुटी भाजी बोलीला काढायचीच नाही. टोपल्या भरा: 2 किलो कांदे, 1 किलो बटाटे, एक भोपळा, सहा लिंबं, वर दोन जुड्या. बोली टोपलीवर लागते, कुणाच्या जुडीवर नाही. वस्तू कुणी आणली ते माइकवर सांगू नका, चांगल्या हेतूनंही नाही. दुसरा भाग ठरल्या भावाच्या टेबलाचा, ठेल्यावरच्या भावानं, म्हणजे ज्यांना बोलीत उतरणं परवडत नाही तेही पिशवी भरून घरी जातात. तिसरा भाग विकायचा नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात शेतात विसरलेली पेंढी उचलायला परत जाऊ नको, ती उपऱ्याची, पोरक्याची आणि विधवेची, असं सांगितलंय. मग निदान एक दशांश तरी लिलावात न आणता बाजूला राहायला हवा. यावर कमिटीत वाद होईल, कारण लिलावाचा आकडा कमी दिसेल. होऊ द्या.

उधारीचं उत्तर सोपं आहे: माल हातात पडेल तो पैसे दिल्यावर. बोली पुकारणारा, लिहिणारा आणि पैसे घेणारा ही तीन वेगळी माणसं. लिहिणाऱ्याच्या कागदावर क्रमांक, वस्तू, शेवटची बोली, नाव आणि 'जमा' असे पाच रकाने. जिंकणाऱ्याला क्रमांकाची चिठ्ठी मिळते, तो पैशाच्या टेबलावर जातो, पावती घेतो आणि पावती दाखवून टोपली उचलतो. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर पैसे घेतले की तो प्रामाणिक असूनही वर्षभर कुजबुज सोसतो. रोकड दोघांनी, नात्यात नसलेल्यांनी, तिथेच मोजावी, दोघांनी सही करावी आणि सोमवारी बँकेत भरावी. गेल्या वर्षीच्या 6,500 साठी एकेकाला घरी जाऊन भेटा, यादी वाचून दाखवू नका. ज्यानं जोशात बोली चढवली तो बहुतेक वेळा नंतर घरच्यांना सांगू शकलेला नसतो.

एक गोष्ट कमिटीच्या कानावर घाला. कॅनडातले किंवा आखातातले नातेवाईक फोनवरून बोली लावतात आणि पैसे मंडळीच्या खात्यात पाठवतात. पाठवणारा भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर चालतं. पण त्यानं परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरीही, तर ती विदेशी देणगी होते, आणि एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या संस्थेनं ती घेणं गुन्हा आहे. 'आपल्याच मावशीचा मुलगा' हे उत्तर तिथे चालत नाही.

दफनभूमीसाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातले शनिवार-रविवार दोन्ही न धरता एकच सकाळ धरा, साडेसहा ते साडेनऊ. दोघांची एक जोडी तेवढ्यात चार-पाच कबरी साफ करते. तुमच्याकडे 60 कबरींचा भाग असेल तर 12 ते 15 जोड्या लागतील. तेवढ्या मिळाल्या नाहीत तर ज्यांचं इथे कुणी उरलेलं नाही त्या कबरी आधी घ्या. घरची माणसं असलेल्या कबरी 1 तारखेपर्यंत आपोआप साफ होतात.

पाऊस संपला की गवत गुडघ्यापर्यंत असतं आणि काळी माती तडकायला लागते. त्या भेगांत आणि गवतात नाग, घोणस, मण्यार असू शकतात. म्हणून चप्पल घालून आलेल्याला गवतात पाठवू नका, त्याला पाणी आणायला ठेवा. बूट, फुल पँट, चामड्याचे हातमोजे, आणि विळा चालवण्याआधी काठीनं जमीन ठोकायची. दगड पलीकडे नाही, आपल्याकडे उलटायचा, म्हणजे तो मध्ये आड राहतो. कुणाला चावलंच तर चिरा नको, घट्ट दोरी नको, मंत्र-औषध नको. तो अवयव हलू न देता 108 बोलवा आणि एम.वाय. गाठा. गाजरगवत असेल तर पूर्ण बाह्या आणि नाकावर रुमाल हवा, त्यानं त्वचेला खाज आणि पुरळ येतं. फुलावर आलेलं गाजरगवत खताच्या खड्ड्यात टाकू नका, पुढच्या वर्षी तेच खत त्याचं बी घेऊन परत येईल. बाकी गवताला खड्डा चालतो. पेटवायचं काहीच नाही. आगीच्या धगीनं संगमरवर तडकतो, आणि निगमचा दंड बसतो तो वेगळा. कापलेल्या गवताचा ढीग रोजच्या कचरागाडीत जाणार नाही, झोन ऑफिसला आधी सांगून वेगळी गाडी मागवा.

संगमरवराच्या पाटीवर ॲसिड घालणारा एक उत्साही सद्गृहस्थ प्रत्येक मंडळीत असतो. त्याला आधीच शोधून ठेवा. ॲसिड संगमरवरच खातं. पाटी त्या दिवशी पांढरीशुभ्र दिसते, पण चकाकी गेलेली असते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढच्या पावसात त्यावर दुप्पट शेवाळ धरतं. तारेचा ब्रशही नको. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि अगदी थोडा सौम्य साबण. दगड खालून वर भिजवत जा, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. शेवाळ बांबूच्या चिपेनं खरवडा. शिशाची अक्षरं बसवलेली असतील तर तिथे बोटानंच. रंग उडालेल्या अक्षरांत रंग भरायचा तर दगड दोन दिवस वाळल्यावर.

विटांच्या जुन्या कबरींना चुना लावतात. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवायला लागतो, किलोला पाचेक लिटर पाणी, आणि तो लोखंडी पिंपातच. प्लास्टिकच्या बादलीत भिजवला की चुना उकळतो आणि बादलीचा तळ मऊ पडून सगळं जमिनीवर येतं. पाण्यात चुना हळूहळू टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तोंड मागे, डोळ्यांवर चष्मा, जवळपास मूल नको. सकाळी फडक्यातून गाळा, थोडा डिंक मिसळा आणि भिंत ओली करून दोन हात द्या. कोरड्या विटेवर दिलेला चुना हाताला लागत राहतो.

खचलेली कबर काळ्या मातीनं भरू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि पुढच्या वर्षी खड्डा तिथेच असतो. मुरूम आणा, वीतभर थर घाला, पाणी मारा, धुमसा, मग पुढचा थर. नव्या कबरीवर लगेच संगमरवर बसवायची घाई करणाऱ्या घरांना एक-दोन पावसाळे थांबायला सांगा.

पोह्यांचं थोडक्यात. एम.वाय.च्या अधीक्षकांना आठ-दहा दिवस आधी मंडळीच्या लेटरहेडवर पत्र द्या: तारीख, वेळ, किती जणांना, काय, कुठे उभं राहायचं. पोहे नातेवाइकांसाठी, वॉर्डातल्या रुग्णाला देऊ नका, त्याचं पथ्य आपल्याला माहीत नसतं. झाबुआ-धार-खरगोनहून आलेली माणसं बाहेर झाडाखाली मुक्कामाला असतात, त्यांना सकाळी सातला गरम खाणं मिळालं की पुरे. 100 जणांना जाडे पोहे 7 किलो, कांदे 2 किलो, शेंगदाणे पाऊण किलो, तेल पाऊण ते 1 लिटर, हिरव्या मिरच्या पाव किलो, साखर 200 ग्रॅम, बडीशेप मूठभर, मीठ 150 ग्रॅमपासून चाखत, वर शेव दीड किलो आणि 20 लिंबं. पोहे दोन-दोन किलोच्या घाण्यानं चाळणीत धुवा. सातही किलो एका पातेल्यात भिजवले की तळाचा लगदा होतो आणि वरचे कोरडे राहतात. मग इंदुरी पद्धतीनं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा, शेवटच्या माणसापर्यंत मऊ राहतात. पानांचे द्रोण न्या आणि ओला-सुका कचरा आपणच उचलून आणा.

पोह्यांबरोबर पत्रिका, सुवार्तेचं पुस्तक, काहीही वाटू नका, आणि खाणाऱ्याचे फोटोही नकोत. मध्य प्रदेशात 2021 पासून जो धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा आहे त्यातल्या 'प्रलोभना'च्या व्याख्येत भेटवस्तूही येते. एका हातात द्रोण आणि दुसऱ्या हातात पुस्तक असं चित्र कुणी टिपलं तर समजावत बसायला वेळ मिळणार नाही. कायदा नसता तरी आम्ही हेच सांगितलं असतं. भुकेल्या माणसाला 'नको' म्हणायची सोय नसते.

उरल्या त्या आजी. वही दाराशी ठेवायच्या दोन रविवार आधी त्यांच्याकडे जा, एकट्या किंवा एखाद्या वयस्क बाईंना घेऊन. पाळकसाहेबांना लगेच नेऊ नका, घरी पाळक आले की माणूस सगळं ठीक आहे असंच म्हणतो. माइकवरून माफी मागायचं ठरवलं असेल तर रद्द करा, त्यानं ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळेल. घरी बसून म्हणा की तुमची जुडी आम्ही चुकीच्या जागी ठेवली. मग कामाचं बोला: रविवारी सकाळी टोपल्यांवर ठेवायची पालेभाजी पारखणारं कुणी हवंय, कुठली जुडी दुपारपर्यंत टिकेल हे तरुण मुलींना कळत नाही, साडेसातला रिक्षा पाठवते. लगेच हो म्हणणार नाहीत. त्यांचं नाव वहीत स्वतः लिहू नका, ती रेघ मोकळी सोडा आणि शुक्रवारी पुन्हा फोन करा.